माझ्या पोटातला लोलक

मी पिनबॉलचं मशीन. तोंड मला कारखान्यातूनच मिळालं, पण मनातलं आज पहिल्यांदा बोलतोय. एरवी बोलतो ते सगळं आत भरून ठेवलेलं. त्यातल्याच एका वाक्याने मला मान खाली घालायला लावली, ती अजून वर झालेली नाही.

माझी रचना साधी. उतरती फळी, वर काच, आत दिवे, घंटा आणि एक पोलादी गोळी. गोळी खाली घरंगळली की डाव संपला. ती पडू नये म्हणून खेळणारा दोन्ही बाजूंची बटणं दाबतो आणि माझे दोन आखूड हात तिला वर भिरकावतात. काही जण मात्र बटणांवर भागवत नाहीत, मलाच धक्का मारतात. त्यांच्यासाठी माझ्या पोटात एक लोलक टांगलाय. मी हललो की तो भोवतीच्या कडीला टेकतो, दिवे जातात, हात लुळे पडतात आणि मी ओरडतो, "लबाडी नाही चालणार!"

गेम पार्लरमध्ये मी विकायला ठेवलेल्या नव्या मशीनच्या रांगेत उभा होतो. विकत घेणाऱ्याने आधी खेळून बघावं, अशी मालकाची पद्धत. फुकट खेळायला मिळतं म्हणून निम्मे लोक गिऱ्हाईक बनून यायचे आणि मला गदागदा हलवायचे. वैतागून मालकाने माझा लोलक फार हळवा करून ठेवला. मला ते आवडलंच. चोर पकडायची मला भारी हौस.

एका दुपारी पेंटरकाका आणि काकू आले. काकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. मग हात कापायला लागले आणि ब्रश सुटला. तेव्हापासून ते हात मांड्यांखाली दाबून बसायचे. तरुणपणी त्यांना पिनबॉलचं वेड होतं, म्हणून काकूंनी बाहेरच्या खोलीतलं कपाट हलवून जागा केली होती. हे सगळं काकूंनी मालकाला माझ्याजवळ उभं राहून हळूच सांगितलं. मी ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही.

पहिलं मशीन काकूंना कर्कश वाटलं. दुसऱ्यावरचं चित्र काकांना पटलं नाही. "छापील आहे. ब्रश फिरलेला कुठे दिसत नाही," ते म्हणाले. मग माझ्यासमोर आले.

गोळी सुटली. काकांनी माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि त्यांच्या हातांचा कंप माझ्या अंगात उतरला. लोलक डुलायला लागला. मला वाटलं, सापडला चोर! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"लबाडी नाही चालणार!"

सगळं पार्लर वळून बघायला लागलं. मागे थांबलेला एक जण म्हणाला, "काका, ढकलायचं नसतं हो. नियम आहे तसा."

काकांनी हात खिशात घातले. खिसेही थरथरत होते. "मी ढकललं नाही," ते एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडे बघून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं, पण सव्वाशे किलोचा मी, जाणार कुठे?

मालक धावत आला. "काका, लोलक सैल करून देतो. लगेच होईल."

"नको. सगळ्यांना जो नियम, तोच मला."

"अहो, कशाला उगीच हट्ट? चला घरी," काकू म्हणाल्या.

"थांब गं. एकच डाव."

या वेळी त्यांनी कडा धरल्या नाहीत. बोटांची टोकं तेवढी बटणांवर ठेवली. मी श्वास रोखून उभा. गोळी बराच वेळ वर नाचली आणि मग माझ्या दोन हातांच्या मधून सरळ खाली निघाली. आता कुठलंच बटण तिला वाचवणार नव्हतं. तेवढ्यात काकांनी कमरेने मला असा धक्का हाणला की माझे पाय सरकले.

मी ओरडलो. लोक पुन्हा वळले. पण काका हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "या वेळी खरंच केली हं लबाडी!" त्यांनी मागच्या माणसाला सांगितलं. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग मालकाला म्हणाल्या, "हेच द्या."

आता मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत असतो. लोलक तसाच आहे, काका त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. मी ओरडलो की काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "हात की लबाडी?"

"लबाडी!" काका ठणकावून सांगतात.

इतके दिवस त्यांचे हात अंगावर वागवल्यावर धक्का कुठला आणि कंप कुठला, ते मला कळायला लागलंय. हल्ली बहुतेक वेळा हातच असतात. ओरडणं थांबवता येत नाही, त्याची लाज वाटते. दिवे जातात ते एक बरं, काकांना माझं तोंड दिसत नाही.

तुम्ही कधी या घरी आलात, मी ओरडलो आणि काकूंनी आतून विचारलं, तर माझ्यासाठी एवढं करा. तुम्हीही लबाडीच सांगा.