पहिल्या ओळीवरची काडी

माह्या नातीच्या, श्रद्धाच्या लग्नाची पत्रिका तिच्या मायनंच टाईप केली. माही सून प्रतिमा संग्रामपूरच्या एका कॉम्प्युटर सेंटरात कामाले हाय. लेक भागवत गेला तवापासून घर तिच्याच बोटांवर चाललं. पत्रिका संध्याकाळी नांदुऱ्याच्या छापखान्याले मोबाईलवरून पाठवायची होती. तिनं वाचून दाखवली. निमंत्रक म्हणून पहिले माहे दीर उकंडराव, मंग भाऊकीतले झाडून सारे. पोरीच्या मायचं नाव कुठीच नाई.

"अन् तू वं?"

"मंगलकार्यात विधवेचं नाव घालत नाईत, आई. काकाजी म्हणाले."

काकाजी म्हंजे उकंडराव तिथंच पलंगावर चहा फुरकत होते. "रीत हाय, वहिनी."

"पोरगी रीतीनं वाढवली का हिनं?"

मले लिहिता फारसं येत नाई. दुसरीतच शाळा सुटली. पण रोज तूर निसत हिच्या बाजूले बसते. लॅपटॉपच्या पडद्यावर एक काडी लुकलुकते. ती जिथं उभी, तिथंच अक्षर उमटते. बाणाचं बटन दाबलं का चालते.

लॅपटॉप म्या मांडीवर ओढला. काडी पार खाली, छापखान्याच्या नावापाशी. एकेक ओळ वर नेली. लग्नात जेवून नावं ठेवनारे चुलते ओलांडले, उधारीवर मिशा पिळनारा जावई ओलांडला, अन् उकंडरावांच्या नावाच्या तोंडाशी आणून उभी केली.

"लिही इथं."

प्रतिमानं गुपचूप काडी खाली नेली. म्या वर आणली. तिनं पुन्हा खाली.

"राहू द्या ना, आई. कायले घरात वाद?"

म्या पुन्हा वर आणली अन् ते मोठं बटन दाबलं, जागा करून देनारं. सारी भाऊकी एक ओळ खाली सरकली, एसटीत दटावल्यावर सरकतात तशी. लय बरं वाटलं. मंग बोट उचललंच नाई.

उकंडराव चष्मा लावून वाकले. "वहिनी, माहं नाव कुठी गेलं?"

"दुसऱ्या पानावर. मांडवाबाहेर चपला काढतात ना, तिथं."

प्रतिमा तोंडाले पदर लावून हसली. लय दिवसांनी.

"अवं वहिनी, लोक काय म्हनतीन?"

"ज्याले म्हनायचं त्यानं माह्यासमोर येऊन म्हनावं."

असा कोन येते? उकंडरावाले ठाऊक होतं. "लिही मंग बाई," ते पुटपुटले. "पन मले वर घे."

काडीबी त्यांच्यासंगं खाली गेली होती. म्या तिले परत पहिल्या रिकाम्या ओळीवर आणली अन् लॅपटॉप सुनेपुढं सरकवला. एरवी लाह्या फुटाव्या तशी चालनारी तिची बोटं आज एकेक अक्षर चाचपत होती.

"आता भाऊजी, मोठ्यानं वाचा. मंगच वर घेते."

"श्रीमती प्रतिमा भागवत..." उकंडराव थांबले. माहा भागवत लहानपनी यांच्याच खांद्यावर बसून बाजार पाहे. त्यांनी कपबशी खाली ठेवली, चष्मा पुसला.

"माहं नाव हिच्या खालीच असू दे," ते म्हणाले. "पन लागून. मंधात रिकामी ओळ नको."

प्रतिमानं एकेक करून रिकाम्या ओळी मिटवल्या.