दोन मुठींची गाडी

गटाच्या कॅप्टनने फळ्यावर पहिले चाक काढले आणि बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. प्रत्यक्षात हात जागचा हलला नाही, कारण निरीक्षकाला कपाळ नसते; त्याला डोळे आणि कान तेवढे असतात. वस्तूंची रचना शिकणारी नवखी मुले गटात बसली की विचार कसा करतात, कोण बोलते, कोणाचे ऐकले जाते, पहिल्याच कल्पनेला ती किती वेळ कवटाळून बसतात, हे पाहण्यात बाईंची दहा वर्षे गेली होती. नियम एकच होता. पाहणाऱ्याने बोलायचे नाही, मान हलवायची नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. बाईंनी तो इतक्या निष्ठेने पाळला होता की मुले त्यांना पाठीमागे पुतळाबाई म्हणत. घरीही धाकटी जाऊ टोमणा मारल्यावाचून राहत नसे, की ताई, भाजी कशी झालीय ते आज सांगणार, की अहवाल येईपर्यंत थांबू?

हा शेवटचा गट होता; कोपऱ्यातला कॅमेरा नेहमीसारखा चालू होता. तो पार पडला की अभ्यास पुरा होणार होता. महिनाअखेरीस बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि नवी तुकडी त्यानंतर यायची होती. एक गट जरी कमी पडला, तरी सगळे काम बाईंच्या हातून जाऊन त्यांच्या जागी येणाऱ्याच्या नावावर लागणार होते.

मुलांना दिलेले काम साधे होते. एका आजोबांना चहाचा भरलेला कप स्वयंपाकघरातून आपल्या खोलीपर्यंत न सांडता नेता यावा, अशी वस्तू घडवायची. आजोबांची अडचण नेमकी काय, ते कागदावर मुद्दामच लिहिले नव्हते. ती विचारता यावी म्हणून खुद्द आजोबांनाच भिंतीलगतच्या खुर्चीत आणून बसवले होते. सकाळी त्यांनी बाईंना आपले काम काय ते विचारून घेतले होते.

"विचारलं तर सांगायचं," बाई म्हणाल्या होत्या.

"आणि नाही विचारलं तर?"

"तर नाही."

आजोबा जुन्या शिस्तीचे. ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

गटात चौघे होते. खडू सगळ्यांआधी उचलला म्हणून कॅप्टन झालेला एक, हात सुरेख चालणारा एक चित्रकार, कोणी काहीही म्हटले तरी त्याची री ओढणारा एक, आणि चष्मेवाली एक मुलगी. म्हातारी माणसे हळू चालतात, तेव्हा चाके मोठी हवीत, असे कॅप्टनने ठरवून टाकले. चित्रकाराने गाडीला दोन डौलदार मुठी काढल्या. म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात की नाही, यावर मग तिघांचा बराच खल झाला. हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर एक म्हातारा माणूस बसला होता. त्याच्याकडे कोणी मान वळवली नाही.

अखेर कॅप्टन त्यांच्याकडे गेला. बाईंचा जीव जरा भांड्यात पडला.

"आजोबा, जरा उठता का?" तो म्हणाला. "खुर्चीची उंची घ्यायची आहे."

आजोबा डाव्या हातातल्या काठीवर भार टाकून उठले. उजवा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबत राहिला. तिन्ही मुले टेप घेऊन खुर्चीवर वाकली होती. चष्मेवालीने मात्र पाहिले.

"त्यांच्या डाव्या हातात काठी आहे," टेबलाशी परतल्यावर ती हळूच म्हणाली. "आणि उजवा हात..."

"काठीला हुक देऊ," कॅप्टन म्हणाला.

"हो हो, हुक पाहिजेच," री ओढणारा म्हणाला.

थोड्या वेळाने तिने पुन्हा तोंड उघडले. "पण दोन मुठी त्यांना..."

"लाकडी करू," चित्रकार म्हणाला. "उबदार वाटतात."

मुलीने नजर टेबलाकडे वळवली. अशी एक तरी मुलगी बाईंनी जवळजवळ प्रत्येक गटात पाहिली होती. 'सूचना दुर्लक्षित' हे शब्द त्यांनी इतक्या वेळा लिहिले होते की आता त्यांचा संताप यायचाही थांबला आहे, असे त्या समजत होत्या. तो थांबलेला नव्हता, साचत होता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ही मघापासून काहीतरी सांगते आहे, तिचं ऐका."

तिघेही वळले, पण मुलीकडे नव्हे, बाईंकडे.

"सॉरी मॅडम," कॅप्टनने खडू खाली ठेवला. "चाकं चुकली का?"

बाईंनी मुलीकडे पाहिले, ती खुर्ची सोडून उभी होती; तेव्हा कुठे सगळ्यांच्या नजरा एकदम तिच्यावर गेल्या. तिचे कान लालबुंद झाले.

"नाही मॅडम, काही नाही," ती म्हणाली. "छान झालंय."

पुठ्ठ्याची गाडी वेळेत तयार झाली. आजोबांनी भलेपणाने काठी हुकाला अडकवली, डाव्या हाताने एक मूठ धरली आणि गाडी ढकलली. ती जागच्या जागी गोल फिरली.

"दुसरा हातही लावा ना, आजोबा."

"तो लागत नाही, बाळा. वर्ष झालं."

कॅप्टनचा चेहरा उतरला. "मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला.

बाईंनी गट रद्द केल्याचे सांगितले, तेव्हा विभागप्रमुखांनी त्यांना खुळ्यात काढले. एवढ्यासाठी दहा वर्षांवर पाणी सोडता की काय, चित्रीकरणातून तेवढा तुकडा कापून टाका, दोन वाक्ये तर आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले.

"त्या दोन वाक्यांनंतर गट त्यांचा राहिला नाही, माझा झाला," बाई म्हणाल्या.

"कोण बघणार आहे, बाई?"

"मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रद्द गटाची नोंद पुरी करायची म्हणून बाई चित्रीकरण पाहायला बसल्या. खोलीत बसून त्यांचे सगळे लक्ष त्या तिघांवर खिळले होते. कॅमेऱ्याचे मात्र चौघांवर होते. लाकडी मुठींचे बोलणे झाल्यावर मुलगी क्षणभर टेबलाकडे पाहत राहिली. मग तिने खुर्ची मागे सारली. ती उठून उभी राहिली, तिघांकडे पाठ केली आणि सरळ आजोबांसमोर गेली. आजोबांनी काठी सावरली, मान तिच्याकडे वळवली. तिचे ओठ उघडले.

"थांबा," चौकटीबाहेरून बाईंचा आवाज आला.

पडद्यावर मुलगी वळली. आजोबा अजून तिच्याकडेच पाहत होते, उत्तर तयार ठेवून.