अंगठा आपसूक चालायला लागला तेव्हा

"अहो, कॉट काय वाजवताय सारखी?" अश्विनी वैतागून म्हणाली, तेव्हा कुठं कानिफनाथला कळलं. डाव्या हातात चहाचा कप होता आणि उजवा अंगठा कॉटच्या गजावर आपसूक टकटक करत होता.

तो खूशच झाला. का नाही होणार? आठ महिने याच अंगठ्यानं त्याला रडवलं होतं. "अंगठा जाड तारांवर संथ चालत राह्यला पायजे," श्रीमंतभाऊ बजावायचे, "आन् बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर चाल काढायची. अंगठ्याला इचारत बसायचं न्हाई, त्यो त्याचा चालला पायजे." गिटार श्रीमंतभाऊंचीच. नागापूरच्या ज्या कारखान्यात कानिफनाथ पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचा, तिथंच ते स्टोअर सांभाळायचे. सहा वर्षांपूर्वी प्रेसमध्ये त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि वाजवणं संपलं. मशीन नादुरुस्त होतं, एवढंच ते सांगायचे.

कामावर निघाला तर अंगठा मोटरसायकलच्या मुठीवरही ताल धरून! कानिफनाथ हसला, पण पुढच्याच क्षणी त्याचं हसू विरलं. हाच अंगठा मशीनच्या बटणावर असतो.

प्रेसला बटणं दोन. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहायची भीतीच नको. पण शहाण्यांनी डावं बटण ट्यूबच्या रबरानं कायमचं आवळून टाकलेलं. डाव्या हातानं पत्रा सरकवायचा, उजव्यानं बटण दाबायचं, काम झपाझप. अख्खी लाईन असंच करायची आणि सुपरवायझर रविराज बघून न बघितल्यासारखं करायचा. दहा वर्षं कानिफनाथला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता गिटार शिकला आणि भ्यायला लागला, आता बोला!

त्या दिवशी त्यानं अंगठा मुठीत दाबून धरला आणि मुठीनंच बटण दाबत राहिला. घामानं बनियन भिजलं. अकरापर्यंत निभावलं. मग कधीतरी मूठ सैल झाली. त्याची आई बनुबाई कांदे काढताना गुणगुणायची ती चाल डोक्यात घोळायला लागली. याच चालीसाठी तर सगळा खटाटोप चालला होता. डावा हात पत्रा सरकवत होता आणि उजवा अंगठा बटणावर आपसूक ताल धरायला लागला.

धाड!

डाव्या हातमोज्याच्या दोन बोटांची टोकं प्रेसखाली राहिली. कानिफनाथनं हात डोळ्यांपुढं धरला. बोटं पाचच्या पाच होती. नशीब म्हणून हात अर्धा निघाला होता.

तो तसाच स्टोअरमध्ये गेला आणि फाटका हातमोजा टेबलावर टाकला. श्रीमंतभाऊंनी तो उचलून कापलेल्या कडा चाचपल्या.

"कोनती चाल व्हती डोक्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

कानिफनाथ चमकला. चालीचं तो अजून एक अक्षर बोलला नव्हता.

"म्हंजे तुमचंबी..."

"मशीन चांगलंच व्हतं रे." त्यांनी डावा हात टेबलाखाली घेतला.

"आन् तरी मला शिकवलंत? माझी बोटं गेली असती, भाऊ!"

"मला वाटलं, खोट माझ्याच अंगठ्यात व्हती. आन् खरं सांगितलं असतं तर तू गिटार सोडली असतीस. लई स्वार्थी निघालो मी, कानिफ."

कानिफनाथ लाईनवर परतला आणि ब्लेडनं आपल्या मशीनचं रबर कापून टाकलं. रविराज ओरडत आला, "अरे, काम निम्म्यावर येईल!"

"येऊ द्या."

तेवढ्यात श्रीमंतभाऊही स्टोअरमधून ब्लेड घेऊन आले. ते लाईनमधल्या एकेका मशीनचं रबर कापत गेले. रविराजनं त्यांचा डावा हात बघितला आणि बाजूला झाला.

संध्याकाळी ते कानिफनाथच्या घरी आले. "वाजव," म्हणाले.

कानिफनाथनं गिटार मांडीवर घेतली. अंगठा जाड तारेवर ठेवला, पण तो हलेचना. आठ महिन्यांची मेहनत त्या 'धाड' आवाजाबरोबर पार पळून गेली होती. "भाऊ, भ्या वाटतंय," तो म्हणाला.

श्रीमंतभाऊ कॉटवर टेकले. उजव्या अंगठ्यानं गजावर संथ ठोका धरला. टक, टक, टक, टक.

"अंगठा आज माझा. तू नुसती चाल काढ."

कानिफनाथनं घाबरत घाबरतच बारीक तार छेडली.