गारवाबाबाची राख

बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या दारात त्या सकाळी अशी रेटारेटी होती, की कुणालाही वाटावं नवा खेळ लागलाय. एका अर्थी लागलाच होता. पडद्यासमोर गादी, गादीवर गारवाबाबा, आणि गादीपुढे उभी माझी सून.

"मूठ वळ, पोरी," बाबा म्हणाला.

सुनेनं मूठ वळली. थोड्याच दिवसांपूर्वी तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, बोटांची पेरं इतकी सुजलेली. आता तिनं मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर फुलपाखरू बसल्यासारखा तिचा तो लाल चट्टा, तोही मावळत आला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी पोस्टमनदादा डोळे पुसत होते. त्यांचा दमाही याच बाबानं घालवला होता.

"डॉक्टर काय म्हणतो?" बाबाचा आवाज चढला. "म्हणतो, अंगात दाह आहे. दाह म्हणजे काय? आग! आगीचा शेवट कशात होतो? राखेत! म्हणून आगीला राख दाखवायची. राख दिसली की आगीला वाटतं, आपलं काम झालं. निघून जाते बिचारी!"

लोक पुन्हा टाळ्या पिटू लागले. माझे हात काही उठले नाहीत. मी जन्मभर चूल पेटवली. राख बघून निघून जाणारी आग मला कधी भेटली नाही. माझ्या चुलीतली तर राखेखालीच दबा धरून बसायची.

घरी येताना सून हवेत होती. मी टाळी वाजवली नव्हती, ते तिनं पाहिलं होतं.

"आई, मी बरी झालेली तुम्हाला बघवत नाही का?"

"बघवतं गं. पण ही राख कशाची आहे?"

"ते बाबांचं गुपित आहे."

"तुझ्या पोटात जातं आणि गुपित त्याचं?"

"तुमचं काय, तुम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंवरही संशय घेतला होता."

घेतला होता, खोटं कशाला बोलू? सुनेच्या आजाराचं ल्युपस हे नावच मला बनावट वाटलं होतं. पण त्या बाईनं गोळीचं नाव सांगितलं, त्रास काय होईल तेही सांगितलं. माझा संशय तिथे अर्धा झाला. बाबानं मात्र पहिल्याच दिवशी सुनेकडून त्या गोळ्या काढून आपल्या पायाशी ठेवायला लावल्या. दिवसा उन्हात जायचं नाही, असा नेमही घालून दिला.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. मी बेतते आणि मशिनवर बसते, सून काज-बटणं आणि हातशिलाई बघते. त्या हंगामात नवे कपडे कमी आणि दुरुस्तीच फार येऊ लागली. पोस्टमनदादा गणवेशाचा शर्ट घेऊन आले.

"कॉलरचं बटण लागत नाही हो. पोटावरही सैल करा."

"खाणं वाढलंय वाटतं, दादा?"

"मरणाची भूक लागते. बाबा म्हणतात, तेज चढतंय. आणि हो, बाह्या तेवढ्या आवळा. ढगळ झाल्यात."

माझी कात्री थांबली. माणूस जाड होतो तेव्हा सगळीकडून होतो. गळा वाढला आणि दंड वाळले, असं कसं? मानेच्या मागे, कॉलरखाली, मांसाचा एक उंचवटाही आला होता. तिथे पाठीला जास्तीचं कापड जोडावं लागलं.

मग गुडघेदुखीवाल्या मावशी कोट घेऊन आल्या. गळा सैल, बाह्या आवळा. मग बेकरीवाला आला, त्याला अंगावर खाजरी चकंदळं उठायची. गळा सैल, बाह्या आवळा. तिघांचे चेहरे परातीसारखे गोल. आजार तीन आणि अंग एकाच साच्यातून काढलेलं! एवढी वर्षं कपडे बेतले, पण असा प्रकार पाहिला नव्हता.

मी सुनेकडे नीट पाहिलं. तिचाही चेहरा गोल झाला होता. पाय पुढे कर म्हटलं आणि नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"हे कधीपासून?"

तिनं पाय मागे ओढून घेतला. मग हळूच म्हणाली, "लघवीला फेस येतो, आई. बाबा म्हणाले, विष बाहेर पडतंय."

"उद्या दवाखान्यात चल."

"नाही यायचं मला. पुन्हा बोटं आखडली तर?"

"राख खरी असेल तर तपासणीला कशाला घाबरायचं? माझा संशय खोटा ठरला तर माझंच तोंड काळं होईल. ते बघायला तरी चल."

राखेची पुडी घेऊन आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी सुनेचा चेहरा पाहताच कपाळाला आठ्या घातल्या. रक्तदाब वाढलेला निघाला आणि लघवीत नको ते सापडलं. पुडी प्रयोगशाळेत गेली. निकाल आला तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"राखेत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरात पहारेकरी असतात. जंतू शिरला की ते धावून जातात. ती जागा लाल होते, तापते, सुजते, दुखते. यालाच दाह म्हणतात, आणि एरवी तो उपयोगाचा असतो. ल्युपसमध्ये हे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतात. सांध्यांवर धावतात, कातडीवर धावतात, मूत्रपिंडांवरही धावतात. स्टेरॉइड त्यांना दटावून गप्प बसवतं. म्हणून तुमची बोटं सुटली, आणि तुम्ही सांगता त्या पोस्टमनदादांच्या दम्यालाही उतार पडला."

"मग वाईट काय आहे?" सून म्हणाली. "आराम तर पडला!"

"औषध वाईट नाही. वेळ पडली तर मीही देते. पण मोजून, तपासण्या करत, आणि जमेल तसं कमी करत. तो आंधळेपणानं देतोय, एका पुडीत कमी, दुसरीत जास्त. त्यातून आलेली सूज म्हणजेच तो म्हणतो ते तेज. आणि पहारेकऱ्यांना कायम लगाम घालणाऱ्या गोळ्या तर त्यानं बंदच केल्या. बोटं शांत दिसतात, पण मूत्रपिंडांत मारामारी चालू आहे. असंच चाललं तर ती निकामी होतील."

सुनेचा चेहरा पडला. "उन्हात जाऊ नका, हेही खोटंच का?"

"ते खरं आहे. उन्हानं हा आजार भडकतो. मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"तुम्ही सांगितलं तेव्हा कामाचा खोळंबा वाटला," सून पुटपुटली. "बाबांनी सांगितलं तेव्हा नेम वाटला."

डॉक्टरीणबाई आरोग्य खात्याच्या निरीक्षकाला घेऊन सिनेमागृहात आल्या, तेव्हा आम्ही दोघी बरोबर होतो. खुर्च्या भरलेल्या होत्या. निरीक्षक थेट वरच्या खोलीत गेला, जिथून पूर्वी पडद्यावर चित्र सोडायचे. तिथून त्यानं राखेचं पोतं, एक मिक्सर आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग खाली आणला.

बाबा डगमगला नाही. उलट हसला.

"अरे, ही तर माझ्या लेकरांनी सोडलेली औषधं! तुमच्या डॉक्टरांचं विष मी सोडवलं, त्याचा हा पुरावा!"

"धन्य आहे!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या सुरू झाल्या. निरीक्षक गोंधळला.

सून पुढे झाली. तिनं ढिगातली पाकिटं उलटसुलट करून पाहिली.

"बाबा, मी माझ्या गोळ्या तुमच्या पायाशी ठेवल्या, तेव्हा पाकीट भरलेलं होतं. सोडलेल्या औषधांची पाकिटं भरलेली असायला हवीत. ही सगळी रिकामी कशी? आणि आमचे आजार वेगवेगळे, मग सगळ्यांवर एकाच गोळीचं नाव कसं?"

तिनं मिक्सरचं भांडं तिरकं केलं. राखेत अर्धवट कुटलेल्या पांढऱ्या गोळ्या सगळ्यांना दिसल्या.

बाबा म्हणाला, "ही... परीक्षा आहे. तुमच्या श्रद्धेची."

आता कुणी टाळी वाजवली नाही. मग एकच गलका उठला. पोस्टमनदादांनी खिशातली पुडी काढून बाहेर गटारात भिरकावली. मावशी बाबाच्या गादीवर धावून गेल्या.

"थांबा!" डॉक्टरीणबाई खुर्चीवर चढल्या. "पुड्या फेकू नका! आज कुणीही हे एकदम बंद करायचं नाही!"

बेकरीवाला म्हणाला, "बाई, तुमचा पण यात वाटा आहे की काय?" लोक हसले.

त्या हसल्या नाहीत. "हे औषध रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. अचानक तोडलं तर माणूस कोसळतो, जीवही जातो. पुड्या घेऊन आत्ता दवाखान्यात चला. प्रत्येकाचं हळूहळू कमी करावं लागेल."

मी बाबाकडे वळले. "हे ठाऊक होतं का रे तुला?"

तो गादीची किनार चिमटीत धरून बसला होता. त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या लोकांचे जीव तो मुठीत घेऊन बसला होता, आणि मुठीत काय आहे याचाच त्याला पत्ता नव्हता.

सिनेमागृहातून दवाखान्यापर्यंत माणसांची रांग निघाली. सून पुढे होती. हातात हात देत ती गुडघेदुखीवाल्या मावशींना चालवत होती. पुढे तिची बोटं पुन्हा दुखली, चट्टाही परतला आणि मग सावकाश हटला. मूत्रपिंडं वाचली, पण त्यांना जी इजा झाली ती काही पूर्ण भरून आली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी उशीर झाला असता तर बोलायलाच काही उरलं नसतं.

अजूनही कुणी दुकानात येऊन हळूच विचारतं, "तो बाबा कुठे बसतो हो आता? आराम मात्र पडायचा."

त्यांना मी एवढंच सांगते. आराम पडला म्हणून आजार गेला असं धरून चालू नका. पोटात जाणाऱ्या वस्तूचं नाव विचारा, ती काय करते ते विचारा, सोडायची कशी तेही विचारा. जो सांगतो त्याचंही तपासून घ्या. जो सांगत नाही त्याच्या दारातूनच मागे फिरा. विचारल्यानं कुठल्याही खऱ्या औषधाचा गुण गेलेला मी तरी पाहिला नाही.