माझ्या तळाचे भोक

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. माझा काठ एका बाजूने उडाला आहे आणि अंगावर निळ्या रंगाचे पोपडे आहेत. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर आधी एवढेच दिसेल. माझ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट मात्र वरून दिसत नाही. ती म्हणजे माझ्या तळाचे भोक.

कुंभाराने मला चाकावरून उतरवले तेव्हा मी ओली आणि मऊ होते. त्याने मला अलगद उपडे केले आणि तळातून अंगठा आरपार घातला. मला फार वाईट वाटले. शेजारचे माठ अखंड होते आणि ऐटीत सुकत होते. मलाच का असे भोक पाडले?

भट्टीतून निघाल्यावर मी एका शिंप्याच्या घरी आले. त्याने भोकावर खापराचा तुकडा तिरका ठेवला, माती भरली, टोमॅटोचे रोप लावले आणि पाणी घातले. थोड्या वेळाने माझ्या तळातून थेंब ठिबकू लागले. ते पाहून तो म्हणाला, "झालं. आता मुळं सुखानं श्वास घेतील." त्या दिवशी मला माझ्या भोकाची किंमत कळली. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक फटी असतात आणि त्यांत हवा असते. मुळे त्या हवेवर जगतात. पाणी फटींतून वाहून गेले तर बरे, पण तिथेच मुक्काम ठोकून बसले तर हवेला जागाच उरत नाही.

ते टोमॅटोचे वाण शिंप्याच्या आईचे होते. फळ लहान, चपटे, आंबटगोड. दरवर्षी तो एक पिकले फळ निवडायचा, त्याच्या बिया कापडाच्या चिंधीवर वाळवायचा आणि चिंधी घडी करून कपाटात ठेवायचा. अशी कितीतरी वर्षे गेली. शिंप्याचे केस पिकले, शिलाई यंत्र बंद झाले, घरात सून आली. मी गच्चीच्या कठड्यापाशी होते तिथेच होते.

मग एका वर्षी कपाटामागची भिंत ओलावली आणि चिंधीला बुरशी आली. सगळ्या बियांतून एकच रुजली. ते रोप माझ्या मातीत वाढू लागले, आणि त्याला कळ्या धरल्या तेव्हाच म्हाताऱ्या शिंप्याला हृदयाचे दुखणे जडले. दवाखान्यात जाताना तो घरच्यांना म्हणाला, "एवढं एक जगवा रे. माझ्या आईचं आता तेवढंच उरलंय."

घरच्यांनी ते शब्द मनावर घेतले, अगदी जरुरीपेक्षा जास्त. सुनेने मला निळा रंग दिला आणि चिनी मातीच्या एका चकचकीत भांड्यात बसवले. "बाबा आले की खूश होतील," ती म्हणाली. येणारेजाणारे माझे कौतुक करू लागले. पण मित्रांनो, त्या देखण्या भांड्याला भोक नव्हते. सकाळी शिंप्याची बहीण पाणी घाली, कामावर निघताना मुलगा घाली आणि संध्याकाळी सून. माझ्यातून निथळलेले पाणी त्या भांड्यात साचले, आणि चढत चढत माझ्या मातीत परत आले.

मुळे गुदमरू लागली. गुदमरलेल्या मुळांना पाणी वर ओढता येत नाही. त्यामुळे झाले असे, की रोप पाण्यात उभे होते आणि पाने तहानेने मान टाकत होती. खालची पाने पिवळी पडली.

"अगं, कसं मलूल झालंय बघ!" बहीण सुनेला म्हणाली. "पाणी घालतेस की नुसतं दाखवतेस?"

"घालते की आत्या. हेसुद्धा घालतात."

"मग ऊन लागत असेल. आण अजून एक तांब्या."

मी ओरडू शकत नव्हते. रोप मात्र आपल्या परीने झगडत होते. त्याने पानांची बारीक तोंडे मिटून घेतली, म्हणजे असलेले पाणी उडून जाऊ नये. पाने खाली वाकवली. भाताचे रोप पाण्यात मजेत उभे राहते, कारण त्याच्या अंगात हवा खाली नेणाऱ्या पोकळ वाटा असतात. टोमॅटोकडे ती सोय फारशी नसते. तरी त्याने एक उपाय केला. बुडालेल्या मुळांची आशा सोडून त्याने खोडावर, पाण्याच्या वरच्या अंगाला, पांढरे फोड काढले. ती नव्या मुळांची टोके होती. पण घरच्यांना तो रोग वाटला.

शिंपी घरी आला. त्याचे पाय सुजले होते आणि डॉक्टरांनी दिवसभरासाठी मोजकेच पाणी सांगितले होते.

"घोटभर घे रे दादा, कुणाला कळतंय?" बहीण पेला पुढे करत म्हणाली.

"प्रेमानं बुडवशील तू मला," तो हसून म्हणाला. "जास्त झालं की छातीत पाणी साचतं, बाई. श्वासच पुरत नाही. ते जाऊ दे, माझं रोप आणा."

मुलगा मला उचलायला गेला आणि दचकला. "एवढी जड कशी?" त्याने मला चिनी भांड्यातून वर ओढले. खाली काळे, कुजकट वासाचे पाणी होते.

"मुळं कुजली, बाबा," मुलगा हळूच म्हणाला. "उपटून टाकू का?"

शिंप्याने सवयीने, जणू शिवण तपासावी तसा, खोडावरून अंगठा फिरवला. पांढऱ्या फोडांपाशी तो थांबला.

"थांब. जुना धागा तुटला म्हणून यानं दुसरा ओवायला घेतलाय. आपण फक्त मधे मधे करायचं नाही."

सुनेचे डोळे भरून आले. "बाबा, मीच ठेवलं होतं त्यात."

"माझ्यासाठीच ठेवलंस ना? मग आता माझ्यासाठीच बाहेर ठेव."

मला दोन विटांवर, सावलीत ठेवले. माझे भोक काडीने मोकळे केले. मातीचा वरचा थर हलका केला, नव्या मुळांभोवती कोरड्या मातीची भर दिली आणि पाणी थांबवले. जुनी पाने गळून पडली. बरेच दिवस रोप नुसती काठी दिसत होते. मग शेंड्याला एक पान उभे राहिले.

त्या वर्षी एकच फळ धरले. शिंप्याने ते खाल्ले नाही. नव्या चिंधीवर त्याने बिया पसरल्या, आणि ती चिंधी सुनेच्या हाती दिली. पुढच्या पेरणीला तो नव्हता.

सून अजून दरवर्षी माझ्यात ते वाण लावते. पाणी घालण्याआधी ती मातीत बोट खुपसते, आणि बोटाला ओल लागली की तांब्या तसाच परत नेते.

मित्रांनो, कोणी मान टाकली की आपण धावतो आणि आपल्याजवळ असेल ते ओतत सुटतो. त्याआधी क्षणभर थांबा, त्याला काय हवे आहे ते चाचपून बघा. आणि माझ्यासारखी एखादी कुंडी तुमच्या घरी असेल, तर तिला हवी तर रंगवा, हवी तर नका रंगवू. तिच्या तळाचे भोक तेवढे मोकळे ठेवा.