नो क्लेम बोनस कुणाचा?

माझे वडील कुंडलिक मूळचे मोहोळचे. सोलापुरात ते एकनाथराव वकिलांची अँबॅसिडर चालवायचे. रस्त्यावर हॉर्नसुद्धा जपून वाजवणारा हा माणूस घरी आमच्यावर मात्र सारखा वाजत असायचा. माझा तापट स्वभाव कुणावर गेला, ते वेगळं सांगायला नको.

गाडीच्या विम्याचा एक नियम होता. वर्षभर कंपनीकडे भरपाई मागितली नाही, की पुढच्या हप्त्यात सूट मिळायची. वर्षं अशीच नीट गेली की सूट वाढायची. एकदा भरपाई घेतली की मग चूक कुणाचीही असो, सूट गेली; पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याला नो क्लेम बोनस म्हणायचे. वकिलांच्या पत्नी गोदावरीबाई एकदा म्हणाल्या, "गाडी कुंडलिक सांभाळतो आणि सूट आपण खातो, हे कुठलं?" तेव्हापासून दर जुलैत विमा भरला, की वाचलेले पैसे वडिलांच्या हातात पडायचे.

बाकी फुकटचा एक पैसा ते घेत नसत. बाईंनी दिवाळीला दिलेली साडी ते परत करून आले, तेव्हा आई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. बोनस मात्र ताठ मानेनं घ्यायचे. तो त्यांनी कमावलेला होता.

शहात्तर साली मला डी.एड.ला प्रवेश मिळाला. फी त्याच पैशांतून भरायची ठरली होती. नाहीतर मोहोळच्या आत्यानं आणलेलं स्थळ तयारच होतं. मुलाकडे दोन म्हशी होत्या, आणि तो बोलायचाही फक्त त्यांच्याबद्दलच.

पेढे द्यायला मी वडिलांबरोबर वकिलांकडे गेले, तर अंगणात गाडी मागून चेपलेली. आदल्या दिवशी वडिलांची सुट्टी होती. वकिलांनी स्वतःच गाडी मागं घेतली आणि फाटकाच्या दगडी खांबावर घातली. डिकी उघडत नव्हती, बंपर लोंबत होता. लायसन होतं त्यांच्याकडे, पण गाडीवर हात बसलेला नव्हता.

वडिलांनी गाडीभोवती चक्कर मारली. "साहेब, क्लेम करा. खर्च लई हाय. बोनसच्या तिप्पट तरी जाईल."

मला त्यांचा असा राग आला म्हणता! पोरीच्या फीवर पाणी सोडत होते आणि आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मग मथुरेची फी?" बाईंनी विचारलं.

"बगू की."

"मी देते."

"न्हाय बाईसाहेब. दान न्हाय घ्यायचं."

माझ्या डोळ्यांपुढे म्हशी आल्या.

वकील बनियनवर खुर्चीत बसले होते. ते उठले आणि कोर्टात राहतात तसे उभे राहिले.

"कुंडलिक, गाडी कुणी ठोकली?"

"तुमी."

"यंदा तू कुठं धडकलास?"

"न्हाय."

"म्हणजे तुझा बोनस शाबूत. माझ्या चुकीनं तो बुडवू? कोर्टात दुसऱ्याला असलं काही करू देत नाही मी. क्लेम करायचा नाही. दुरुस्तीचा खर्च हा माझा दंड."

"पन साहेब, तिप्पट..."

"आरोपी दंड भरतोय, तू मध्ये बोलू नकोस. निकाल लागलाय. मथुरा, पेढे आण इकडे."

बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. घरी शब्द खाली पडू न देणारा माणूस तिथं खाली बसून लोंबणारा बंपर बांधायला लागला.

आयुष्यभर मी शाळेत शिकवलं, पेन्शन खाते आहे. वकील आणि बाई, दोघांचे उपकार मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. आपल्या चुकीचा भार दुसऱ्यावर न टाकणारी माणसं मला लहान वयात बघायला मिळाली, हे माझं भाग्य.

जुलैत विमा भरला गेला, सूट मिळाली. वडिलांनी पैसे घेतले आणि आम्ही फी भरून आलो. परतताना त्यांनी सायकल मध्येच थांबवली आणि उपरण्यानं डोळे पुसले.

"वकील लई लबाड हाय, मथुरे. दानच दिलं मला, आन न्हाय म्हनायला जागा ठेवली न्हाय."

"मग परत करायचं?" मी घाबरत विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "तू शिक."