सव्वीस जणांचे जोडे

"या घरात पाहुण्यांचे जोडे वळवायची पद्धत नाही वाटतं," प्रोफेसर हाझबींची बायको उंबऱ्याशी वाकून पुटपुटली. आतल्या बाईला ऐकू जाईल, इतपतच हळू.

आतली बाई, म्हणजे फेतिये, चहाच्या पेल्यांचं ताट घेऊन तिच्या पाठीशीच उभी होती.

"होती," ती म्हणाली. "तेवीस वर्षं झाली, बंद केली."

हाझबींची बायको हसली. तिला वाटलं, गंमत. कोसोवोत सुनेला हे कुणी शिकवावं लागत नाही. पाहुणा दारात जोडे काढून आत जातो, आणि तो चहा पिईपर्यंत घरची सून गुपचूप जाऊन त्याच्या जोड्यांची टोकं गल्लीकडे करून ठेवते. निघताना त्याला वाकून शोधाशोध नको. फेतिये माहेरी सहा वर्षांची असल्यापासून हे करत होती. हात आपोआप करायचे.

कोचावर बसलेल्या सासूनं, मेजिदेनं, सगळं ऐकलं आणि साखरेचा खडा दाढेखाली धरून भिंतीकडे पाहिलं. पाव जरा करपला तरी ही म्हातारी दोन दिवस बोलून दाखवायची. जोड्यांबद्दल मात्र तेवीस वर्षांत चकार शब्द नाही.

भिंतीवर नेजातचा फोटो होता. मेजिदेचा धाकटा, फेतियेचा दीर. आज त्याच्याच नावाची संगमरवरी पाटी घरावर लागणार होती. बाहेर ती लाल कापडाखाली झाकून तयार होती आणि हाझबी दिवाणखान्यात भाषणाचा कागद चाळत बसले होते.

"ऐक, फेतिये, कसं जमलंय सांग," ते म्हणाले आणि पाटीवरचा मजकूर वाचू लागले. "याच घरात, विद्यापीठाची दारं आपल्याला बंद झाली असताना, ज्ञानाचा दिवा तेवत राहिला. शेजाऱ्याच्या विश्वासघातानं नेजात पोलिसांच्या हाती पडला आणि..."

"कोणत्या शेजाऱ्याच्या?"

"नाव कुठे घातलंय?"

"समोर एकच घर आहे, प्रोफेसर."

"मग लोकांना कळेलच की." ते हसले. केस रंगवलेले, दात नवे. शहरभर त्यांच्या कॉलेजच्या जाहिराती लागल्या होत्या आणि प्रत्येकीवर हेच दात. फर्निचरच्या दुकानाच्या वर तीन मजले, आणि तिथून दरवर्षी इतके पदवीधर बाहेर पडायचे, की खालून इतकी कपाटंही विकली जात नसतील.

"ती ओळ काढा," फेतिये म्हणाली.

"अगं, दगडावर कोरलंय. आता काय खोडरबर आणू?"

ताट टेबलावर आपटून ती स्वयंपाकघरात गेली. फ्लियाचा शेवटचा थर भाजायचा होता. पिठाचा एकेक पातळ थर ओतायचा, वर तापलेलं झाकण ठेवायचं, मग पुढचा. पहाटेपासून चार तास ती हेच करत होती. या कामात बाईला विचार करायला फार वेळ मिळतो, आणि तिला तो नको होता.

ती या घरात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. आदल्या वर्षीच बेलग्रेडच्या सर्ब सरकारनं आपल्या अल्बेनियन प्राध्यापकांना आणि पोरांना विद्यापीठातून हाकललं होतं. मग प्रिश्टिनाच्या टेकडीवरची घरंच वर्ग झाली. कुणाच्या तळघरात कायदा, कुणाच्या गाडीखान्यात वैद्यकी. या घराच्या खालच्या खोलीत गणित. पोरं पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं, वह्या कोटाखाली लपवून यायची. बसायला फळ्या, आणि थंडी इतकी, की खडू बोटांतून निसटायचा. फेतिये शाळेत गणितात पहिली होती. एकदा धीर करून तिनं हाझबींना विचारलं होतं, "मी मागे बसू का?"

"तू बसलीस तर चहा कोण देणार?" ते म्हणाले होते. आतली पोरं हसली होती. एकटा नेजात हसला नव्हता.

म्हणून ती दाराआडून शिकली. तिच्याकडे एकच जोखमीचं काम होतं. सगळे आत बसले की जोडे उचलून पिठाच्या मोठ्या रिकाम्या पेटीत लपवायचे. दारात सव्वीस जोड दिसले तर गल्लीतून जाणाऱ्या पोलिसाला आणखी काय सांगायला हवं?

पोलीस आले त्या दिवशी नेजात शिकवत होता आणि हाझबी मागे बसले होते. त्यानं एक प्रश्न घातला आणि आत कुणालाच उत्तर येईना. दाराआड उभ्या फेतियेला येत होतं. ते तिच्या ओठांवर होतं. कुणी सांगतंय का, म्हणून ती थांबली, आणखी थांबली. मग जोडे आठवले आणि ती धावत दाराशी गेली. पण डोकं अजून त्या उत्तरात होतं, आणि हात सहा वर्षांच्या वयापासूनचे होते. तिनं सव्वीसच्या सव्वीस जोड नीट रांगेत लावले, टोकं गल्लीकडे केली आणि पुन्हा दाराला कान लावला.

पोलीस आत शिरले तेव्हा त्यातला एक हसत म्हणाला होता, "लग्न आहे का इथं? वऱ्हाडाचे जोडे काय छान मांडलेत!"

ते फक्त दोघींनी ऐकलं. तिनं आणि मेजिदेनं.

हाझबी मागच्या खिडकीतून पळाले. नेजात पोरांपुढे उभा राहिला. चार दिवसांनी सुटून आला तेव्हा लघवीतून रक्त जात होतं, आणि वसंतात तो गेला.

आणि दोष गेला समोरच्या बेद्रीकाकांवर. सगळ्यांना कामावरून काढलं तेव्हा एकटे ते वीज कंपनीत राहिले होते. बायकोच्या औषधांसाठी सरकारच्या निष्ठापत्रावर सही केली होती. गल्लीला तेवढं पुरलं. युद्ध झालं, देश झाला, झेंडा आला, पण त्यांच्या सलामाला कुणी उत्तर दिलं नाही. त्यांची बायको वारली तेव्हा मातीला चार माणसं होती. फेतियेनं त्या दिवशी पडद्याआडून ती चार मोजली होती, आणि स्वतः पाचवी झाली नव्हती.

"थर जळतोय," मागून मेजिदे म्हणाली.

"जळू दे."

"तू आज काही बोलायचं नाहीस."

फेतिये वळली. इतक्या वर्षांत म्हातारी या गोष्टीच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती.

"आई, त्यांनी ते दगडावर कोरलंय."

"कोरू दे. लोकांनी तुला जगू दिलं नसतं. मी माझा पोरगा पुरला आणि तोंड शिवलं. तुझं नाव वाचवलं."

"माझं वाचवलंत. आणि त्यांचं?"

मेजिदेनं डोक्यावरचा रुमाल ओढून घेतला. "ते म्हातारे झालेत. आता काय फरक पडतो त्यांना?"

फेतियेला म्हातारीचा राग आला, आणि तिनं आपल्यासाठी गिळलेल्या दुःखाची दया आली, आणि त्या दयेचाच जास्त राग आला.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. गल्लीत चाळीसेक माणसं, दोन कॅमेरे, कॉलेजच्या टोप्या घातलेली पोरं. समोर बेद्रीकाका नेहमीसारखे आपलं अंगण झाडत होते. आज तरी आत बसावं की नाही माणसानं? पण ते झाडत होते.

हाझबींनी कापड ओढलं आणि घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. "शेजाऱ्याच्या विश्वासघातानं" इथं ते मुद्दाम थांबले. चाळीस माना समोरच्या फाटकाकडे वळल्या. कुणीतरी थुंकलं. बेद्रीकाकांचा झाडू थांबला. ते आत गेले नाहीत. फक्त झाडूच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून खाली बघत उभे राहिले, पावसात सापडलेला माणूस पाऊस थांबायची वाट बघतो तसे.

फेतिये फ्लियाचं ताट घेऊन दारात आली होती. पायाशी आत चहा पीत राहिलेल्या पाहुण्यांचे जोडे अस्ताव्यस्त पडले होते. ताट तिनं सरळ त्या जोड्यांवर ठेवलं.

"प्रोफेसर, थांबा."

"आता नको, फेतिये. आधी भाषण, मग खाणं." लोक हसले. तेच हसणं.

मेजिदेनं मागून तिची बाही धरली. "घरात चल, पोरी."

"सोडा, आई." तिनं बाही सोडवून घेतली आणि अनवाणीच गल्लीत उतरली. हाझबींना ओलांडून, कॅमेऱ्यांना ओलांडून, ती समोरच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि मग सगळ्यांकडे वळली.

"मी मागे बसू का, असं विचारलं होतं मी तुम्हाला, प्रोफेसर. तुम्ही मला दाराबाहेर ठेवलंत, चहासाठी आणि जोड्यांसाठी. मग ऐका आता. बेद्रीकाकांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी सव्वीस जणांचे जोडे दारात रांगेनं मांडून ठेवले होते. पोलीस ते बघून आत आले. ते मी मांडले होते."